कोणाचे ओझे, कोणाचा भार?

पांडेसऱ्यातील रंगाई-छपाईच्या गिरण्यांत खानदेशातील अनेक बांधव राबतात. त्यांपैकी कोणी आजारी पडला की त्याच्या व्यसनास दोष दिला जातो. व्यसन सोडणे ही ज्याची त्याची जबाबदारी खरी. परंतु रसायनांची वाफ त्याने निवडलेली नसते. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने उपचाराचा खर्च वाटून दिला. २०१९ पासून वेतनाच्या ०.७५ टक्के कामगार व ३.२५ टक्के मालक भरतो. मात्र ज्याचे नाव नोंदलेलेच नाही, तो उघड्यावर राहतो.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दोन ग्रीक शब्द योजतो: ‘बारोस’ म्हणजे चिरडणारे ओझे, ‘फोर्तिओन’ म्हणजे ज्याचे त्याचे गाठोडे. विडी सोडणे हे गाठोडे होय. इस्पितळाचा वाढता खर्च हे ओझे. ते एकट्याच्या माथी मारणे हा न्याय नव्हे.