जुन्या मोटारीतील पॉवर स्टिअरिंगचे तेल : निवड आणि बदल

कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांच्या हद्दीत पसरलेल्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार पुष्कळदा शेतकरीही असतो. सकाळची पाळी संपवून तो कसबा सांगाव, हुपरी, पट्टणकोडोली अशा आपल्या गावी परततो आणि उसाला पाणी पाजतो. अशा कुटुंबांत दहा-पंधरा वर्षे चाललेली, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली सुमो, बोलेरो किंवा स्कॉर्पिओ आढळते. तीच गाडी सोबत्यांना पाळीवर पोचविते, तीच खताची पोती आणते आणि लग्नसराईत गगनबावड्याचा घाट उतरून कोकणातही जाते. इंजिनाच्या तेलाची आठवण गॅरेजवाला करून देतो. स्टिअरिंगच्या तेलाची आठवण मात्र चाक जड होऊन पंप कण्हू लागल्यावरच होते. मग हाताशी असेल ते तेल ओतण्याची घाई होते आणि खरे नुकसान तेथून सुरू होते.

हे तेल केवळ वंगण नव्हे. इंजिनावरील पट्ट्याने फिरणारा पंप ते टाकीतून ओढून भारी दाबाने स्टिअरिंगच्या पेटीत ढकलतो. चालक ज्या बाजूस चाक वळवील त्या बाजूच्या दट्ट्यामागे झडपेतून तेल जाते आणि वळविण्याचे बहुतेक श्रम तेच करते. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्ये ही योजना मोटारीवर बसवून दाखविली; विक्रीच्या मोटारींत ती १९५१ पासून आली. पंप, झडप व दट्टे यांची घडण अत्यंत बारीक मापाची असून त्यांच्या सांध्यांवर रबरी सीले असतात. तेल बरोबर की चूक, याचा निकाल ही सीलेच देतात. आजच्या बऱ्याच लहान मोटारींत मात्र हे काम विजेची मोटर करते. अशा गाडीत हे तेल नसतेच; तेव्हा टाकी सापडत नाही म्हणून भलत्याच झाकणात तेल ओतू नये.

तेल कोणते घ्यावे, याचे उत्तर टाकीच्या झाकणावर किंवा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असते. पुस्तक हरवले असल्यास त्या कंपनीच्या सेवा केंद्रात गाडीचे मॉडेल व वर्ष सांगून विचारावे. अनेक जुन्या गाड्यांना डेक्स्ट्रॉन जातीचे, म्हणजे स्वयंचलित गिअरपेटीचे तांबडे तेल चालते. काही कंपन्या स्वतःचेच तेल मागतात, तर काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांना हिरवे कृत्रिम तेल लागते. रंगावरून तेल ओळखण्याची रीत आपल्याकडे फार रुळली आहे, परंतु ती धोक्याची आहे. रंग हा कारखान्यात मिसळलेला असतो. दोन तांबडी तेले एकाच गुणांची असतील असे नाही, आणि जुने तेल तर तपकिरी होऊन मूळचा रंगच हरवते. डब्यावरील अक्षरे वाचावी. घरात कोणी वाचणारे नसेल तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने ती वाचून दाखवावी. हे काम त्याच्या कक्षेबाहेरचे नाही.

सर्वांत घातक चूक ब्रेकच्या तेलाची. ब्रेकचे नेहमीचे तेल ग्लायकॉल जातीचे, तर स्टिअरिंगचे बहुधा खनिज जातीचे असते आणि दोहोंची रबरेही निराळी असतात. ब्रेकचे तेल स्टिअरिंगमध्ये गेल्यास सीले बिघडून गळती लागते. उलट स्टिअरिंगचे तेल ब्रेकच्या टाकीत पडल्यास तेथील रबर फुगते आणि ब्रेक अडकतो किंवा निकामी होतो. घाटात असे झाले तर काय होईल, हे सांगावयास नको. दोन्ही टाक्या बॉनेटखाली असतात. झाकण उघडण्यापूर्वी ते कशाचे आहे याची खात्री करावी. चुकून तेल पडलेच, तर इंजिन सुरू न करता व ब्रेक न दाबता गाडी ओढून गॅरेजात न्यावी.

तेलाची पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून पाहावी. थंड व तापलेल्या तेलाच्या खुणा निरनिराळ्या असतात. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकावा. तो काळपट दिसला, जळका वास आला किंवा बारीक कण आढळले, तर तेल बदलण्याची वेळ झाली. फेस दिसल्यास कोठून तरी हवा शिरत आहे. दुधाळ दिसल्यास पाणी. पातळी वारंवार उतरत असेल तर तेल आटले असे समजू नये, ते गळत आहे. रबरी नळ्या, पंपाचा दांडा व स्टिअरिंगच्या पेटीची टोके पुसून कोरडी करावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावी. दाबाच्या नळीतून उडालेले तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडून पेट घेऊ शकते, म्हणून हे काम हंगाम संपेपर्यंत लांबवू नये. गळती थांबविणारी जी औषधे बाजारात मिळतात ती सील फुगवून थोडे दिवस काम भागवितात. आमच्या मते तो पैसा नव्या सीलकडे लावावा.

पुस्तकात मुदत दिली नसल्यास सुमारे ८०,००० किलोमीटरांनी तेल बदलणे इष्ट. घरच्या घरी करावयाची सोपी रीत अशी : टाकीभोवतीची धूळ आधी पुसावी. मोठ्या स्वच्छ पिचकारीने टाकीतील तेल ओढून घ्यावे, नवे भरावे, इंजिन सुरू करून चाक दोन्ही बाजूंस काही वेळा फिरवावे आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तसेच करावे. समजा, सर्व मिळून एक लिटर तेल असून टाकीत ३०० मिलिलिटर मावते. मग तीन वेळा बदलल्यावर सुमारे तिसरा हिस्सा जुने तेल उरते, पाच वेळा बदलल्यावर सहावा. परतीची नळी सोडून सर्व तेल काढण्याची रीत अधिक पुरी आहे. पण तिच्यात पुढची चाके उचलावी लागतात. ती केवळ जॅकवर न ठेवता भक्कम ठोकळ्यांवर टेकवावी आणि मागच्या चाकांना दगड लावावे. पंप कोरडा फिरू देऊ नये, तो लवकर खराब होतो. तेल भरल्यावर इंजिन बंद असतानाच चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवून हवा काढावी. इंजिन चालू असताना चाक अगदी टोकास नेऊन पाच सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये. त्या वेळी दाब सर्वाधिक असतो व तेल झपाट्याने तापते.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. काही ट्रॅक्टरांत स्टिअरिंगची टाकी निराळी असते. काहींत गिअरपेटीचे व हायड्रॉलिकचेच तेल स्टिअरिंगलाही जाते. मोटारीसाठी आणलेल्या डब्यातील उरलेले तेल त्यात घालू नये. ट्रॅक्टरच्या पुस्तकातील तेल वेगळ्या गुणांचे असते.

काढलेले तेल विहिरीच्या कडेस वा पाटात ओतू नये, आणि गुऱ्हाळाच्या चुलाणात जाळूही नये. २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांखाली वापरलेले तेल येते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे तेल पाठविणाऱ्या गॅरेजात द्यावे. डब्यावर ‘जुने तेल’ असे ठळक लिहून तो मुलांपासून व जनावरांच्या पाण्यापासून दूर ठेवावा.