सिल्वासाचे उसने तारुण्य

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात सर्वांत कमी आढळले ते दादरा-नगर हवेलीत. अवघे ४ टक्के. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते, केरळात १२.६. युरोपीय संघात आज दर पाच माणसांत एकापेक्षा जास्त जण पासष्टीच्या पुढचे आहेत. खाणारी तोंडे कमी आणि कमावते हात जास्त, अशा लोकसंख्येची वाट युरोपातले अर्थमंत्री पाहत बसले आहेत. दादरा-नगर हवेलीचे मुख्य शहर असलेल्या सिल्वासात ती आहे. मात्र हे तारुण्य तिथे जन्मलेले नाही, बाहेरून आलेले आहे. रोजगार आणि समाजकल्याण यांचे तिथले बहुतेक पेच या एका गोष्टीतून निघतात.

हा प्रदेश केवळ ४९१ चौरस किलोमीटरचा. १७७९ च्या तहानुसार मराठ्यांनी नगर हवेलीतील ७२ गावांचा महसूल पोर्तुगिजांना तोडून दिला. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी हा प्रदेश मुक्त केला आणि १९६१ मध्ये तो भारतात विलीन झाला. त्या वर्षी लोकसंख्या होती ५७,९६३. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी अशा आदिवासी जमातींचीच वस्ती मुख्यतः. २०११ मध्ये आकडा ३,४३,७०९ वर गेला. पन्नास वर्षांत देशाची लोकसंख्या तिप्पटही झाली नाही, इथली जवळजवळ सहापट झाली. २००१ ते २०११ या एका दशकातली वाढ ५५.९ टक्के होती, देशाची १७.७.

ही वाढ पाळण्यातून आली नाही, हे साध्या वजाबाकीने कळते. १९९१ मध्ये इथे अनुसूचित जमातींचा वाटा ७९ टक्के होता. म्हणजे आदिवासी नसलेले लोक साधारण २९ हजार. २००१ मध्ये ते ८३ हजार झाले, २०११ मध्ये १ लाख ६५ हजार. आदिवासींची संख्याही वाढली, पण त्यांचा वाटा ५२ टक्क्यांवर उतरला. वीस वर्षांत एखाद्या प्रदेशाची ओळख एवढी बदलावी, हे युरोपात कुठे घडले असते तर तिथल्या निवडणुका त्याच एका विषयावर लढल्या गेल्या असत्या.

माणसे आली ती करसवलतींच्या मागोमाग. साठच्या दशकात पिपरियाला सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत निघाली होती, पुढे मसाट आणि खडोलीला सरकारी वसाहती झाल्या. खरा जोर आला तो नव्या कारखान्यांना विक्रीकराची दीर्घ सूट आणि नव्वदच्या दशकात आयकरातही सवलत मिळाली तेव्हा. वापीचे रेल्वे स्थानक आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग जवळच. पॉलिएस्टर धागा, प्लास्टिक, तांबे, औषधे यांचे कारखाने उभे राहिले आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थानातून कामगार येऊ लागले. महाराष्ट्राच्या तलासरी, जव्हार, मोखाडा पट्ट्यातले लोकही इकडे येतात. पण त्यांना सणावाराला घर गाठता येते. हा फरक लहान नाही.

आलेला कामगार बहुधा एकटा पुरुष असतो. १९७१ मध्ये दादरा-नगर हवेलीत दर हजार पुरुषांमागे १,००७ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये त्या ७७४ उरल्या. शहरी भागात तर ६८२. स्त्रिया घटलेल्या नाहीत, पुरुषांची गर्दी वाढलेली आहे. सहा वर्षांखालील मुलांमध्ये मुलींचे प्रमाण हजारी ९२६ होते, देशाच्या सरासरीहून बरे. तेव्हा हे असंतुलन पाळण्यातले नाही, कारखान्याच्या फाटकावरचे आहे. आमली, सामरवरणी, रखोली, नरोलीच्या चाळींतून एका खोलीत अनेकजण राहतात आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपतात. बायको, मुले आणि म्हातारे आईबाप गावी.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने इथेच मेख आहे. अठरा-वीस वर्षांचा धडधाकट कामगार सिल्वासाला आयता मिळतो. त्याचे लसीकरण, शाळा, पोषण यांचा खर्च बिहारने किंवा ओडिशाने केलेला असतो. पन्नाशीनंतर पाठ आणि डोळे थकले की तो गावी परततो आणि त्याचे म्हातारपण पुन्हा तेच राज्य सांभाळते. मधली पंचवीस-तीस वर्षे उत्पादन इथले. ४ टक्क्यांचे रहस्य हे आहे. या प्रदेशाने वार्धक्यावर उपाय शोधलेला नाही, ते दुसऱ्याच्या दारात ठेवले आहे.

युरोपने हा प्रयोग करून पाहिला आहे. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचे करार केले. पाहुणे म्हणून येतील, काही वर्षे राबतील आणि परत जातील, अशी कल्पना. १९७३ मध्ये भरती थांबवली, तेव्हा उलटच झाले. परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या धास्तीने अनेकांनी कुटुंबेच बोलावून घेतली. शाळा, घरे, भाषा यांची तयारी नसलेल्या सरकारला ती पुढच्या दशकांत करावी लागली. आज जर्मनीत निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६७ वर नेले जात आहे आणि वृद्धांच्या शुश्रूषेसाठी परदेशातून परिचारिका आणाव्या लागत आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनेच तिथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला.

मात्र युरोपने एक गोष्ट नेटकी केली. युरोपीय संघातल्या एका देशात काही वर्षे आणि दुसऱ्या देशात काही वर्षे काम केलेल्याची निवृत्तिवेतनाची वर्षे एकत्र मोजली जातात. २०१० पासून लागू असलेल्या नियमांनी ही व्यवस्था अधिक पक्की केली. हक्क कामगाराच्या मागोमाग सरहद्द ओलांडतो.

भारतात तर मधे सरहद्द नाही, देश एकच. भविष्य निर्वाह निधीचा कायम क्रमांक २०१४ पासून आहे, कंपनी बदलली तरी तो बदलत नाही. कागदावर व्यवस्था चोख. पण निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि ठेक्यावरच्या कामगाराची सेवा तुकड्यातुकड्यांची असते. ठेकेदार बदलतो, मधले काही महिने रिकामे जातात, बहिणीचे लग्न निघते, पैसे काढून घेतले जातात. कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. पण कुटुंब गावी असेल तर उपचारांचा लाभ जवळ दवाखाना असला तरच. शिधापत्रिकेचे घोडे मात्र पुढे गेले आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेत २०२२ पर्यंत सर्व राज्ये आली, त्यामुळे बिहारच्या कार्डावर सिल्वासात धान्य उचलता येते आणि त्याच कार्डावरचा उरलेला हिस्सा घरचे गावी घेऊ शकतात. विभागलेल्या कुटुंबाला ओळखणारी ही जवळजवळ एकमेव योजना.

स्थलांतरित कामगारांसाठीचा कायदा १९७९ चा. तो ठेकेदारामार्फत आणलेल्यांपुरता होता. गाववाल्याच्या फोनवरून स्वतःच गाडीत बसलेला त्यात बसत नसे, आणि बहुतेक जण तसेच येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी स्वतःहून आलेल्यालाही स्थलांतरित कामगाराच्या व्याख्येत घेतले. कलम चांगले आहे. राबवायला निरीक्षक किती नेमले जातात, त्यावर सारे अवलंबून.

या सगळ्यात मूळचे रहिवासी कुठे आहेत? पोर्तुगीज काळातली अल्वारा आणि तेरम ही जमीनधारणा १९७१ च्या जमीनसुधारणा कायद्याने संपली आणि कसणाऱ्यांना जमिनी मिळाल्या; पण तुकडे लहान. मधुबन धरणात आदिवासींची गावे गेली. कारखाने आले तेव्हा शिक्षणाची पातळी इतकी खाली होती की २००१ मध्येही साक्षरता ५७.६ टक्के होती. कुशल काम बाहेरच्याला, हेल्परी स्थानिकाला, अशी वाटणी त्यातून पडली. रस्त्याकाठी जमीन असलेल्यांनी चाळी बांधल्या आणि भाडे खाऊ लागले. खानवेलच्या पलीकडे डोंगरात राहणाऱ्याकडे ते भांडवलही नाही. स्थानिकांना प्राधान्याची मागणी होते ती यातून, आणि ती न्याय्य आहे. फक्त तिचा राग समोरच्या खोलीतल्या भाडेकरूवर निघू नये, कारण स्वस्त मजुरीचा फायदा त्याच्याही खिशात जात नाही.

उसना पुरवठा कायम राहील, असेही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशाचा जननदर दर स्त्रीमागे २ मुलांवर आला, महाराष्ट्राचा १.७. बिहारचा तेव्हा ३ होता, तरी तोही उतरतो आहे. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये आल्यावर विक्रीकराच्या सवलतीचे आकर्षणही संपले. कामगार कमी पडू लागले की त्यांना टिकवावे लागते, आणि टिकवायचे तर कुटुंबासह राहण्याजोगी घरे, पाळणाघरे आणि मराठी-गुजरातीबरोबर हिंदी माध्यमाच्या पुरेशा वर्गखोल्या लागतात. सिल्वासाला २०१९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, २०२५ मध्ये ४५० खाटांचे नमो रुग्णालय सुरू झाले. घरांच्या बाबतीत तेवढी निकड कुठे दिसत नाही.

नियोजनाचा आधार असलेली जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती झाली नाही. नव्या गणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ आहे. तोवर अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांची मर्यादा २०११ च्या ३,४३,७०९ या आकड्यावरच ठरलेली राहील.