प्रूफ फार छान दिसलं की सावध व्हा

बेळगावात रंगाची चूक खपत नाही. शिवजयंतीचा भगवा, एक नोव्हेंबरला राज्योत्सवाचा लाल-पिवळा आणि त्याच दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या काळ्या दिनाचा काळा. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, कुठलंही असो, छापखान्याच्या दारातली तक्रार एकच: ‘कॉम्प्युटरवर दाखवला तो रंग हा नव्हे.’ ही तक्रार प्लेट काढण्याआधीच मिटावी म्हणून प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, काढणारा इंकजेट असतो. संपादकांना त्या यंत्रावर लेख हवा होता. मी मात्र अडकलो ते त्याच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरून त्याला हुकूम देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चार इंची खिडकीत.

इतिहास थोडक्यात. बाबुराव ठाकुरांनी 1919 साली इथं ‘तरुण भारत’ काढला, तेव्हा प्रूफ म्हणजे खिळ्यांच्या चुका शोधणं. रंगाचं प्रूफ पुढचं. 1993 साली आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम स्थापन केलं आणि ‘प्रोफाइल’ या फाइलचा साचा सर्वांना समान झाला. प्रोफाइल म्हणजे एक सारणी: यंत्राला अमुक आकडा दिला की अमुक कागदावर प्रत्यक्षात मोजून कोणता रंग येतो.

खरी गंमत पुढे आहे. चांगल्या इंकजेटला प्लेटवरून खरी छपाई करणाऱ्या ऑफसेट मशीनपेक्षा कितीतरी जास्त रंग येतात. काही मॉडेलांत नारिंगी शाई वेगळी असते. ऑफसेटच्या फोर कलरमध्ये भगवा पिवळ्या आणि मॅजेंटाच्या ठिपक्यांतून उभा करावा लागतो, त्याला ती धग येत नाही. म्हणजे इंकजेट मोकळा सोडला तर पेटता भगवा देईल, पार्टी खूश होऊन सही करेल आणि भांडण हजार प्रतींनंतर होईल. प्रूफच्या यंत्राला शिकवायचं असतं ते मुद्दाम कमी चांगलं छापायला. मला हे फार आवडलं.

त्यासाठी निवड उलट्या टोकापासून करतात. जॉब कुठल्या मशीनवर, कुठल्या कागदावर जाणार ते आधी. त्याचं प्रोफाइल हे लक्ष्य. मग प्रूफचा कागद आणि त्याचं प्रोफाइल. ड्रायव्हर शेवटी. तिथला ‘मीडिया टाइप’ कागदाचं नुसतं नाव नसतं, शाई किती सोडायची ते तो ठरवतो. ज्या मीडिया टाइपवर प्रोफाइल बनलं, तोच निवडला नाही तर फाइल कितीही महागडी असो, बिनकामाची. आणि ड्रायव्हरची स्वतःची रंगदुरुस्ती बंदच हवी. सॉफ्टवेअरनं एकदा रंग बदलले असताना ड्रायव्हरनं पुन्हा बदलणं म्हणजे मीठ घातलेल्या आमटीत परत मीठ. लग्नपत्रिकेतले नवरा-नवरीचे चेहरे बिघडतात ते बहुधा इथंच.

शेवटचा पर्याय ‘ॲब्सोल्यूट कलरिमेट्रिक’. तो लावला की यंत्र पत्रिकेच्या कोऱ्या जागेवरही अगदी फिकट ठिपके उडवतं, कारण छपाईचा कागद प्रूफच्या कागदाइतका पांढरा नसतो. पांढऱ्यावर पांढरेपणा कमी करण्यासाठी खर्च होणारी ती शाई भिंगातून जरूर बघावी.

अडचणी मात्र ढीगभर. फोग्रा या जर्मन छपाई-संशोधन संस्थेचं रेडीमेड मिळणारं ‘फोग्रा 39’ हे लक्ष्य युरोपातल्या मोजमापांवर उभं आहे. आपलं ऑफसेट मशीन त्या बेताला आणलं नसेल, तर प्रूफ दुसऱ्याच कुणाच्या छपाईची हमी देतं. रिफिलची शाई भरली की जुनं प्रोफाइल संपलं. सिस्टीम अपडेट झाली की बंद केलेली रंगदुरुस्ती गुपचूप चालू होऊ शकते. बेळगावचा पावसाळा कागदात ओल भरतो आणि शाई वाळण्याचं गणित फिरतं. निपाणीकडे बिडीच्या कट्ट्याच्या लेबलाचा लाल जर एकाच तयार शाईचा असेल, तर फोर कलरचं प्रोफाइल तिथं हातच टेकतं. शिवाय प्रूफ बघायचं 5000 केल्विनच्या उजेडात. दुकानात असते निळसर ट्यूब, आणि ‘पांढरंशुभ्र’ दिसावं म्हणून रसायन घातलेला कागद दर दिव्याखाली वेगळाच दिसतो. याउपर मंजुरी येते व्हॉट्सॲपवर.

कराराचं प्रूफ, म्हणजे ज्यावर सही करून छपाई मान्य करतात ते, कसं असावं याचं मानक आहे: आयएसओ 12647-7. त्यासाठी कडेला रंगचौकोनांची पट्टी छापून उपकरणानं मोजतात. फोग्राच्या पट्टीत 72 चौकोन असतात. पट्टी नसेल तर हातात आहे ते फक्त एक सुंदर चित्र.

तेव्हा पत्रिका किंवा मंडळाचा अहवाल छापायला द्याल, तर मोबाइलवर ‘ओके’ पाठवू नका. कागदावरचं प्रूफ मागा, कडेची पट्टी मोजली का विचारा, भर दिवसा दारातल्या उजेडात बघा आणि मगच सही करा.