कलकत्त्याला गेलेली हैदराबादची पोरे

हैदराबाद म्हटले की आपल्या भागातल्या घरांत बिर्याणी, मोती, चारमिनारच्या बांगड्या आणि अलीकडे मुलाची कॉम्प्युटरची नोकरी एवढेच आठवते. सोलापूर-गुलबर्गा-वाडी मार्गावरच्या गाड्यांत अर्धा डबा पोरांना भेटायला निघालेल्या आईवडिलांचा असतो. पण एके काळी हे शहर फुटबॉलचे माहेर होते. माहेर हा शब्द मी मुद्दाम वापरला. इथे पोरे वाढली, शिकली आणि ऐन उमेदीत सासरी गेली. सासर म्हणजे कलकत्ता.

आयर्लंडमधली गुणी पोरे २०२० पर्यंत कोवळ्या वयातच इंग्लंडच्या क्लबांत जात. मग सगळा देश दर सोमवारी वर्तमानपत्र उघडून पाहत असे की आपला पोरगा खेळला का, गुडघा बरा आहे का, पुढच्या वर्षी त्याला ठेवतील का. हैदराबादकर तेच कलकत्त्याबद्दल करीत. ईस्ट बंगाल, मोहन बागान, मोहमेडन स्पोर्टिंग हे त्यांचे इंग्लंड!

याचे मूळ एका शाळामास्तरांत आहे. सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. १९५० पासून १९६३ साली मृत्यू येईपर्यंत ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. या पोलिसांनी मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे रोव्हर्स कप उचलला. १९५० च्या ड्युरँड स्पर्धेत तर अंतिम सामन्यात खुद्द मोहन बागानला हरवले. रहीमसाहेबांचे शिकवणेही मास्तरकीचे. चेंडू पायात घोळवायचाच नाही अशा अटीच्या स्पर्धा ते भरवीत. कधी फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा. उजव्या पायाच्या पोराला महिनाभर डाव्या पायाने खेळायला लावले की त्याचे काय होत असेल, हे घरात मुलाला पाढे पाठ करायला लावणाऱ्यांना सांगायला नको.

निजामाच्या संस्थानात उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा, रायचूर हे सगळे एका छताखाली होते, म्हणून हैदराबाद ही आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ ला ते राज्य तीन भाषांत वाटले गेले, आणि त्याच महिन्यात मेलबर्न ऑलिम्पिक सुरू झाले. तिथे रहीमसाहेबांच्या हाताखालचा भारतीय संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि चौथा आला. संघात अझीझउद्दीन, नूर महंमद, अहमद हुसेन, झुल्फिकारउद्दीन, बलराम अशी हैदराबादची रांगच होती. राज्य नकाशावरून पुसले गेले तरी संतोष ट्रॉफीत ‘हैदराबाद’ त्या आणि पुढच्या हंगामात सलग दोनदा जिंकले. दोन्ही वेळा हरले कोण? आपली मुंबई!

आता यातल्या बलरामबद्दल जरा सविस्तर, कारण फॉर्म, तब्येत आणि भवितव्य या तिन्ही गोष्टी त्याच्या एका आयुष्यात सापडतात.

तुलसीदास बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा. घर गरीब. रहीमसाहेबांनी त्याला हेरले, पण सरावाला रोज शहरात यायचे कसे? सायकलचे भाडे रहीमसाहेबांनी दिले, असे बलराम पुढे मुलाखतींत सांगत. विशीत पोरगा ऑलिम्पिकला आणि लगेच १९५७ ला ईस्ट बंगालकडे. कलकत्त्याची भाषा वेगळी, जेवण वेगळे, मैदानाभोवती हजारोंची गर्दी. पण फॉर्म असा की १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये हंगेरी आणि पेरूविरुद्ध गोल त्यानेच केले. १९६१ ला तो ईस्ट बंगालचा कर्णधार, आणि त्या वर्षी संघाने कलकत्ता लीग जिंकली. १९६२ ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम ही आघाडीची त्रयी त्या काळातल्या वडीलधाऱ्यांना अजून तोंडपाठ असते.

आणि १९६३ ला सगळे संपले. फुप्फुसाच्या आजाराने त्याला खेळ सोडावा लागला. तेव्हा वय सत्तावीसच्या आत. आज याच वयाच्या खेळाडूला क्लब सर्वांत मोठा करार देतात. ईस्ट बंगाल सोडून तो नुकताच बी. एन. आर. म्हणजे बंगाल नागपूर रेल्वेच्या संघाकडे आला होता. (आपल्या नागपूरचे नाव कलकत्त्याच्या मैदानावर असे गाजत असे!) तो हैदराबादला परतला नाही. हुगळीकाठी उत्तरपाड्याला राहिला आणि १६ फेब्रुवारी २०२३ ला तिथल्याच मातीत मिसळला. अर्जुन पुरस्कार १९६२ चा; पद्म पुरस्कार मात्र आलाच नाही.

एक गोष्ट मनात राहते. जाकार्ताला सुवर्ण जिंकून देणारे गुरूही त्या वेळी कर्करोगाने पोखरलेले होते. त्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवताना बचावपटू जर्नेल सिंग डोक्याला टाके असताना आघाडीवर खेळला आणि त्याने गोल केला. रहीमसाहेब ११ जून १९६३ ला गेले. गुरू गेला आणि उत्तम शिष्याचा खेळ थांबला, दोन्ही एकाच वर्षी. हैदराबादचा फुटबॉल तिथून उतरणीला लागला असे माझे मत आहे, जरी आंध्र प्रदेशने १९६५ च्या हंगामात संतोष ट्रॉफी पुन्हा आणली तरी.

पुढची पिढी सय्यद नईमुद्दीन आणि महंमद हबीब यांची. १९७० ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने कांस्य मिळवले, तेव्हा नईमुद्दीन कर्णधार आणि हबीब आघाडीला. फुटबॉलमध्ये भारताचे ते शेवटचे आशियाई पदक.

हबीब १९६६ ला ईस्ट बंगालला गेला. मग मोहन बागान, पुन्हा ईस्ट बंगाल, मोहमेडन, पुन्हा मोहन बागान. तिन्ही घरे फिरला, पण तिथल्या लोकांनी त्याला ‘बडे मियाँ’च म्हटले. त्या काळी खेळाडू म्हणजे बँकेत किंवा रेल्वेत नोकरी आणि संध्याकाळी सराव. हबीबने नोकरी नाकारली आणि केवळ फुटबॉलवर जगला, म्हणून त्याला देशातला पहिला व्यावसायिक खेळाडू म्हणतात. आपल्याकडे ‘आधी पर्मनंट हो, मग काय ते खेळ’ असे सांगणारे बाप काही कमी नाहीत. त्यांना हा निर्णय वेडेपणाचाच वाटला असता. पण २४ सप्टेंबर १९७७ ला ईडन गार्डन्सवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉसशी मोहन बागानने २-२ अशी बरोबरी केली, तेव्हा एक गोल हबीबचा होता. धाकटा भाऊ अकबरही त्याच वाटेने कलकत्त्याला गेलेला. १९७६ च्या लीगमध्ये ईस्ट बंगालविरुद्ध त्याने सतराव्या सेकंदाला गोल केला. प्रेक्षक नीट बसलेसुद्धा नसतील!

हबीब अखेर हैदराबादला परतला. शेवटची काही वर्षे कंपवात आणि विस्मरणाने ग्रासलेली होती. १५ ऑगस्ट २०२३ ला तो गेला. त्याच शहरातला, जाकार्ताच्या सुवर्णसंघातला युसूफ खान २००६ मध्ये गेला, त्यालाही कंपवात होता. दोघांचा आजार चेंडूला डोके मारूनच झाला असे कोणी म्हणू शकत नाही. पण २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या झीजेच्या आजारांनी मरण येण्याचे प्रमाण त्यांच्यात सामान्य माणसांपेक्षा सुमारे साडेतीन पट निघाले. त्यानंतर २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड इथे प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग बंद करण्यात आले. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर दहा वर्षांच्या पोराने उंच आलेला चेंडू डोक्याने मारला की अजून टाळ्याच पडतात. पालकांनी हे एकदा मास्तरांशी बोलायला हवे.

मधली काही दशके मी भराभर ओलांडतो. शब्बीर अली, व्हिक्टर अमलराज हे त्या माळेचे उरलेले मणी. पुढे शहर बदलले, मैदाने आक्रसली, क्रिकेटने पोरे ओढली.

मग २०१९ ला एक गंमत झाली. पुण्याचा एफ. सी. पुणे सिटी हा क्लब बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. म्हणजे पुण्याचे नुकसान ते हैदराबादचे भाग्य. २० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबाद एफ. सी.ने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून विजेतेपद मिळवले. सामना संपता संपता बरोबरीचा गोल केला गोव्याच्या साहिल ताव्होराने. पेनल्टींत तीन चेंडू अडवले लक्ष्मीकांत कट्टीमनीने. गोव्यात वास्कोला जन्मलेला, पण आडनाव बघा! गोकाककडच्या बसवराज कट्टीमनींच्या कादंबऱ्या ज्यांच्या घरी आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. त्याच हंगामात संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळलेला, आणि मध्ये तीन महिने इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सराव करून आलेला. त्या ब्लॅकबर्नचे मालक २०१० पासून पुण्याचे व्यंकीज. आपला पोरगा इंग्रजी क्लबात जातो तोही असा पुण्यावरून! हैदराबादच्या गल्ल्यांतली पोरे मात्र या विजेत्या संघात शोधावी लागत.

आनंद टिकला नाही. २०२३-२४ च्या हंगामात पगार थकले, खेळाडू एकेक करून निघून गेले. संघ बावीस सामन्यांत एकच जिंकून तळाला राहिला. २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला हलला आणि नावही बदलले. विजेतेपदाला चार वर्षेही झाली नव्हती.

रहीमसाहेबांचे चिरंजीव शाहिद हकीम रोमच्या संघात होते, हवाई दलात स्क्वाड्रन लीडर होते, आंतरराष्ट्रीय पंच होते. २२ ऑगस्ट २०२१ ला गुलबर्ग्याच्या दवाखान्यात त्यांचे निधन झाले. आपल्या इतक्या जवळ. आपल्याकडच्या किती लोकांना ते कळले असेल!

हे सगळे मी सांगतोय त्याला कारण आमच्या गल्लीतले एक गृहस्थ. घरात कानडी, दुकानात मराठी. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाला बाहेरगावच्या अकादमीने निवडीसाठी बोलावले. मला अडवून विचारतात, ‘‘मास्तर, हुडुगन्न कळसबेको ब्याडो?’’ पाठवू की नको? मी म्हटले, अण्णा, पोरगा किती गोल करतो ते त्यांनी पाहिलेच आहे. तुम्ही विचारा की गुडघा दुखावला तर डॉक्टरचा खर्च कोण देणार, दहावीची परीक्षा कुठून देणार, आणि क्लब बंद पडला तर पोराला घरी कोण आणून सोडणार. कागदावर लिहून घ्या. मग खुशाल पाठवा.

अण्णांनी तिन्ही प्रश्न दुकानाच्या बिलबुकाच्या मागे लिहून घेतले. चौथा त्यांच्या बायकोने आतून सांगितला, ‘‘तिथं भाकरी मिळते का तेही विचारा.’’