किमो संपल्यानंतरचं आयुष्य: बालकर्करोगाचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

खारघरच्या सेक्टर २२मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचं कर्करोग केंद्र, अ‍ॅक्ट्रेक आहे. तिथे मुलांना घेऊन येणाऱ्या आईबाबांचे दोन गट सहज ओळखू येतात. काहींच्या हातात नवीकोरी फाइल असते आणि डोळ्यांत एकच प्रश्न असतो, आपलं पोर वाचेल ना? काहींची फाइल जुनी, फुगलेली असते. त्यांचं पोर उपचार पूर्ण करून आता दहावीला किंवा कॉलेजात असतं. पहिल्या गटाच्या शंकांवर डॉक्टर, समाजसेविका, नातेवाईक सगळेच बोलतात. दुसऱ्या गटाशी फारसं कोणी बोलत नाही आणि खोलवर रुतलेले गैरसमज त्यांच्याकडेच जास्त असतात. म्हणून पहिल्या गटाच्या प्रश्नांची उत्तरं इथे थोडक्यात देते आणि दुसऱ्या गटाच्या प्रश्नांना जास्त जागा ठेवते.

‘लहान मुलाला कॅन्सर म्हणजे सगळं संपलं’

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. मोठ्यांचे बरेच कर्करोग तंबाखू, मद्य आणि वय यांमुळे वर्षानुवर्षं साचलेल्या बिघाडातून येतात. मुलांचे बहुतेक कर्करोग झपाट्याने वाढणाऱ्या पेशींचे असतात आणि अशाच पेशींवर किमोचा मारा चांगला चालतो. शिवाय मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा तगडी किमो सोसतं.

आपल्याकडचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९८३ साली मुंबईत टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं बोनमॅरो (अस्थिमज्जा) प्रत्यारोपण केलं. रुग्ण होती रक्ताच्या कर्करोगाची एक लहान मुलगी आणि मॅरो दिला होता तिच्या भावाने. आजही अनेक घरांत ‘दात्याला कायमचा अशक्तपणा येतो’ म्हणून भावंडाला पुढे येऊ देत नाहीत. दिलेला मॅरो दात्याच्या शरीरात काही आठवड्यांत पुन्हा भरून येतो. १९८४पासून टाटा, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईचं अड्यार रुग्णालय यांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी ‘एमसीपी-८४१’ ही एकसारखी उपचारपद्धती वापरायला घेतली. त्याआधी फार थोडी मुलं वाचत होती. आज चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार घेणारी निम्म्याहून बरीच जास्त मुलं बरी होतात.

‘आईचंच काहीतरी चुकलं असणार’

गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, पपई खाल्ली, कुलदैवताचं राहिलं, नजर लागली: घरातली बोटं शेवटी आईकडेच वळतात. हे साफ खोटं आहे. बहुतेक बालकर्करोगांचं ठोस कारण सापडत नाही. पेशी वाढताना जनुकांत झालेला तो अपघात असतो. साधारण दहातल्या एका मुलात जन्मतःच आलेला जनुकीय दोष सापडतो आणि तोही कुणाच्या वागण्यामुळे आलेला नसतो. ज्या घरात आईला दोष दिला जातो, त्या घरात तिच्याच रात्रभर जागण्यावर उपचार चालू असतात, एवढं तरी तिथल्या थोरांनी लक्षात घ्यावं.

‘मास्क लावलाय, म्हणजे संसर्गजन्य असणार’

कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, एका ताटात जेवल्याने नाही, एका बाकावर बसल्याने नाही. मास्क असतो तो आपल्यापासून त्या मुलाला वाचवण्यासाठी. किमोने पांढऱ्या पेशी कमी होतात (वॉर्डातल्या भाषेत ‘काउंट पडतात’) आणि आपली साधी सर्दीही त्याला महाग पडू शकते. तरीही भाड्याची खोली नाकारली जाते आणि शाळेत पालक ‘आमच्या मुलाला त्याच्याशेजारी बसवू नका’ म्हणतात. शाळेने खरं तर उलट काळजी घ्यायला हवी. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर उपचार चालू असलेल्या मुलाच्या घरी त्याच दिवशी कळवावं.

खाण्यापिण्याच्या सल्ल्यांचंही तसंच. गव्हांकुराचा कच्चा रस, गोमूत्र, पपईच्या पानांचा काढा हे सगळं प्रेमापोटी आणलं जातं. काउंट पडलेले असताना कच्च्या रसातले जंतू थेट रक्तापर्यंत पोचू शकतात. ताजं शिजवलेलं घरचं जेवण आणि उकळलेलं पाणी एवढं त्या काळात पुरे. स्टेरॉइड चालू असलेलं मूल रात्री दोन वाजता उठून जेवण मागतं, चिडतं, रडतं, तेव्हा ते लाडावलेलं नसतं. ते औषध तसं वागायला लावतं.

‘महिन्याभरात रिपोर्ट चांगला आला, मग पुढे औषध कशाला?’

या गैरसमजाने मुलं दगावतात, म्हणून इथे जरा थांबते. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचं, एएलएलचं निदान होतं, तेव्हा शरीरात साधारण एक लाख कोटी कर्करोगपेशी असतात. पहिल्या महिन्याच्या उपचारांनंतर मॅरोमध्ये त्या सूक्ष्मदर्शकाला जवळजवळ दिसेनाशा होतात. मूल हसू-खेळू लागतं, भूक येते. पण सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या शंभर कोटी पेशीही मागे असू शकतात. त्या संपवण्यासाठी दोन ते अडीच वर्षं लागतात. त्यातला शेवटचा मोठा टप्पा, ज्याला सगळे ‘मेंटेनन्स’ म्हणतात, घरी गोळ्या घेण्याचा असतो. मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच. मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिली गेली तर जीवावर बेतते, म्हणून तिचा वार कॅलेंडरवर लाल खुणेने लिहून ठेवा.

उपचार अर्धवट सुटण्याची कारणं बहुतेकदा पैसे, प्रवास आणि राहण्याची सोय ही असतात. सेंट ज्यूड इंडियासारखी संस्था कॉटन ग्रीनला आणि खारघरमध्ये बाहेरगावच्या कुटुंबांना मोफत राहायला जागा देते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीच्या भाड्यात १०० टक्के सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. ही सवलत उपचारांनंतरच्या नियमित तपासणीच्या प्रवासालाही लागू आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

एक कडू गोष्टही सांगायलाच हवी. भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत कर्करोगाच्या मुलांची संख्या मुलींपेक्षा इतकी जास्त दिसते की निव्वळ जीवशास्त्राने तिचा उलगडा होत नाही. काही मुली रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत. मुलीवर खर्च कशाला, हा विचार आजही जिवंत आहे. तो मोडण्याची जबाबदारी बाप, आजोबा, काका यांची आहे.

‘किमो संपली, आता हॉस्पिटलचं नाव नको’

उपचार संपल्यावर हे वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. पण ज्या औषधांनी मुलाला वाचवलं, त्यातली काही शरीरावर उशिरा दिसणारे परिणाम ठेवून जातात. डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी हे ओळखून १९९१मध्ये टाटा रुग्णालयात उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी वेगळी ओपीडी सुरू केली. ‘एसीटी (आफ्टर कम्प्लीशन ऑफ ट्रीटमेंट) क्लिनिक’ या नावाने ती ओळखली जाते. देशातली ही अशी पहिली.

तिथे नेमकं काय बघतात? डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन ही लाल रंगाची औषधं हृदयाच्या स्नायूवर परिणाम करतात आणि तो कधीकधी दहा-वीस वर्षांनी दिसतो. एकूण डोस शरीराच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त झाला असेल तर आंतरराष्ट्रीय शिफारस दर दोन वर्षांनी इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) आहे. तो १०० ते २५०च्या दरम्यान असेल तर दर पाच वर्षांनी. म्हणजे डोसचा आकडा ठाऊक नसेल तर तपासणी किती वेळा करायची हेच ठरवता येत नाही. सिस्प्लॅटिनने ऐकू येणं कमी होऊ शकतं, आयफॉस्फामाइडने मूत्रपिंडाला इजा. स्टेरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडतो, म्हणून बरं झालेलं मूल लंगडू लागलं तर ‘पडलं असेल’ म्हणून सोडू नये. मानेला रेडिएशन मिळालं असेल तर थायरॉइडची तपासणी आयुष्यभर. किशोरवयात छातीला रेडिएशन मिळालेल्या मुलीची स्तनांची तपासणी पंचविशीपासून किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, जे उशिरा येईल तेव्हापासून सुरू होते. लहानपणी घेतलेल्या लसींचं बळही किमोने घटतं. त्या पुन्हा कधी घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

घाबरून जाण्यासारखं यात काही नाही. प्रत्येकाला सगळं होत नाही, अनेकांना काहीच होत नाही, आणि वेळेवर कळलं तर यातल्या बहुतेक गोष्टी आटोक्यात ठेवता येतात. नवे उपचार हाच त्रास कमी करण्याच्या दिशेने चालले आहेत. अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३पासून प्रोटॉन उपचार मिळू लागले. त्यांत मेंदूच्या गाठीभोवतीच्या निरोगी भागाला कमी किरणं लागतात, आणि वाढत्या वयाच्या मुलाच्या बाबतीत त्याला फार मोल आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या ‘नेक्सकार१९’ या देशी कार-टी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी वापरणाऱ्या) उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये परवानगी मिळाली. काही प्रकारच्या उलटलेल्या रक्ताच्या कर्करोगासाठी तो आहे, पण सध्या १५ वर्षांवरील रुग्णांसाठीच.

‘अभ्यासात मागे पडतो, म्हणजे आळशी झालाय’

मेंदूला रेडिएशन मिळालेल्या मुलांचं, त्यातही पाच वर्षांखालच्यांचं लक्ष कमी टिकू शकतं आणि विचारांचा वेग मंदावू शकतो. बुद्धी असते, पण पेपर वेळेत पुरा होत नाही. फळ्यावरचं उतरवून घेताना हात मागे राहतो. अशा मुलाला ‘मठ्ठ’ म्हटलं की ते दुसऱ्यांदा आजारी पडतं. मानसशास्त्रीय चाचणी, पुढचा बाक, परीक्षेत जादा वेळ यांनी खूप फरक पडतो. दृष्टी, श्रवण किंवा हातापायाला कायमचं अपंगत्व आलं असेल, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या सवलती मागाव्यात. त्यात कमीपणा नाही.

‘हिचं लग्न कसं व्हायचं?’

अनेक मुली-मुलगे पुढे सर्वसामान्यपणे आईबाप होतात. एएलएलच्या नेहमीच्या उपचारांत प्रजननक्षमता बहुधा टिकते. प्रत्यारोपणावेळच्या संपूर्ण शरीराच्या रेडिएशनने किंवा काही औषधांच्या मोठ्या डोसने तिला धोका असतो. म्हणून वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू उपचारांआधी जतन करता येतील का, हे अवघड वाटलं तरी विचारावं.

‘त्यांच्या मुलांनाही कॅन्सर होतो’ हा समज अभ्यासांनी खोटा ठरवला आहे. आनुवंशिक प्रकार वगळले तर अशा आईबापांच्या मुलांना कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त नसतो. डोळ्यांतल्या रेटिनोब्लास्टोमाचा आनुवंशिक प्रकार हा महत्त्वाचा अपवाद आहे. त्यात तो जनुक बाळात उतरण्याची शक्यता निम्मी असते. तिथेही उपाय लग्न टाळणं हा नाही. जनुकीय सल्ला घ्यायचा आणि बाळाचे डोळे जन्मल्याबरोबर तपासायचे. फोटोत बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर ते कुठल्याही घरातलं असो, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं.

या सगळ्याच्या मुळाशी लपवाछपवी आहे. सोयरिकीत अडचण नको म्हणून आजार लपवला जातो, विमा कंपनीपासून लपवला जातो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुद्द मुलापासून लपवला जातो. विम्यात लपवलेला आजार पुढे दावा नाकारायला कारण होतो. उलट आता आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा-मुदत जास्तीत जास्त ३६ महिन्यांचीच ठेवता येते, तेव्हा खरं सांगूनच विमा घ्यावा. मुलापासून लपवलं तर पंचविशीत छातीत धडधड झाली की ते समोरच्या डॉक्टरला आपल्याला कुठलं औषध मिळालं होतं हे सांगूच शकत नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या ‘उगम’ या गटात बालपणी कर्करोगातून बरे झालेले तरुण-तरुणी २००९पासून एकमेकांना आणि नव्या कुटुंबांना धीर देत आहेत. स्वतःचं नाव सांगून उभं राहिलेलं असं माणूस नव्या आईबाबांना जे देतं, ते कुठल्याही पुस्तिकेतून मिळत नाही.

तुमच्या मुलाचे उपचार संपले असतील, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून एका कागदावर एवढं लिहून घ्या: आजाराचं नाव, औषधं आणि त्यांचे एकूण डोस, रेडिएशनची जागा आणि मात्रा, शस्त्रक्रिया, रक्त कधी चढवलं आणि पुढे कोणत्या तपासण्या कधी करायच्या. वर्षं उलटली असली तरी फाइल नंबर घेऊन जा आणि मागा. त्याची एक प्रत मुलाला द्या. ते समजण्याच्या वयात आलं की जे झालं ते त्याला खरं खरं सांगा.