एका कालयात्रिकाचें पुनरागमन

बंद पडलेलें जुनें संगीत नाटक नव्या संचांत उभें राहणार असें कळलें कीं जाणत्या प्रेक्षकांच्या कपाळाला आठी पडते. नव्या नटाचा सूर कानीं येण्यापूर्वींच जुन्याच्या आठवणी निघूं लागतात. दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय मालिकांचा प्रकार याहून वेगळा नाहीं. अशी मालिका नव्यानें सुरू करण्यास हल्लीं 'रीबूट' म्हणतात. शब्द संगणकाच्या व्यवहारांतला. यंत्र बंद करून पुन्हां चालू करणें एवढाच त्याचा मूळ अर्थ. मात्र यंत्राला जुन्या चाहत्यांची मनधरणी करावी लागत नाहीं.

इंग्लंडांतील 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेची हकीगत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. बी.बी.सी.नें ती २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुरू केली. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौस जन्मलेले तरुण गृहस्थ. आदल्याच दिवशीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झालेला. तेव्हां पुढील आठवड्यांत दुसऱ्या भागाच्या आधीं पहिला भाग पुन्हां दाखवावा लागला. नायक परग्रहावरचा, काळाच्या प्रवाहांत मागें-पुढें हिंडणारा. त्याचें यान म्हणजे पोलिसांस दूरध्वनि करण्यासाठीं त्या काळीं इंग्लंडच्या रस्त्यांवर ठेवीत ती निळी पेटी. बाहेरून कपाटाएवढी, आंतून वाड्याएवढी. १९६६ मध्यें मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृति खालावली. तेव्हां नायक काया पालटतो अशी युक्ति योजून पॅट्रिक ट्राउटन यांना त्याच भूमिकेंत आणण्यांत आलें. देह जीर्ण वस्त्रासारखा टाकण्याची कल्पना ज्यांच्या कानांवरून लहानपणापासून गेली आहे, त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. पण मालिकेच्या दीर्घायुष्याचें रहस्य या एका युक्तींत होतें.

तरीही १९८९ मध्यें ती बंद पडली. चाहत्यांनीं मात्र तिला मरूं दिलें नाहीं. कादंबऱ्या निघाल्या, १९९९ पासून मूळ नटांच्या आवाजांत ध्वनिनाटिकाही निघूं लागल्या. आणि संकट येथेंच होतें. जें लोक एखाद्या कथेवर अतोनात प्रेम करतात, त्यांना तिचा प्रत्येक धागा पाठ असतो, आणि तो सर्वांनाच पाठ आहे असें ते धरून चालतात. १९९६ चा दूरचित्रवाणी-चित्रपट या चुकीचा नमुना होय. त्याच्या पहिल्याच क्षणीं जुना शत्रु, जुना ग्रह, जुना खटला यांची याद वाचली जाते. मग जुना नायक येतो, आणि नव्याचा चेहरा दिसण्यापूर्वीं बराच वेळ जातो. ब्रिटनमध्यें तो पुष्कळांनीं पाहिला. अमेरिकेंत पुरेसे प्रेक्षक मिळाले नाहींत, आणि पुढील मालिका निघाली नाहीं.

२००५ मध्यें रसेल टी. डेव्हिस यांनीं उलट बाजूनें सुरुवात केली. तेही जुने चाहतेच. त्यांनीं या मालिकेवर कादंबरीही लिहिली होती. परंतु २६ मार्च रोजीं जो पहिला भाग दिसला तो नायकाचा नव्हता. लंडनमधील एका मोठ्या दुकानांत काम करणाऱ्या, आईबरोबर लहानशा सदनिकेंत राहणाऱ्या रोझ या मुलीचा होता. तळघरांतील कपड्यांचे पुतळे चालूं लागतात. हे पुतळे १९७० मध्येंही आले होते, पण त्यांचें जुनें नांव या भागांत कोणी उच्चारीत नाहीं. ज्याला ओळख आहे त्यानें मनांत हसावें, ज्याला नाहीं त्यानें नुसतें घाबरावें! नायकाचा स्वग्रह एका महायुद्धांत भस्म झाला असें ठरवून डेव्हिस यांनीं चाळीस वर्षांचें ओझेंही उतरविलें. जुनें कांहीं खोटें ठरलें नाहीं, आणि नव्या प्रेक्षकाला पाठांतराची गरज उरली नाहीं. पहिला भाग एक कोटीहून अधिक लोकांनीं पाहिला.

मिरपुडीच्या डबीच्या आकाराचे डालेक हे मालिकेचे नामांकित शत्रु. त्यांना जिना चढतां येत नाहीं, ही इंग्लंडांतील जुनी थट्टा. (वस्तुतः १९८८ मध्यें एक डालेक जिना चढला होता, पण तोंवर पाहणारे थोडे उरले होते.) डेव्हिस यांनीं त्यांची फौज आणली नाहीं. सहाव्या भागांत तळघरांत साखळदंडांनीं जखडलेला एकच डालेक आणला, आणि तो जिन्यावरून शांतपणें तरंगत वर गेला. तेवढ्यानें थट्टा संपली.

अमेरिकेंत 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या १९७८ च्या मालिकेचा मार्ग निराळा. २००३ मध्यें रोनाल्ड मूर यांनीं ती पायापासून पुन्हां बांधली. एका लाडक्या वैमानिकाच्या जागीं स्त्री आली, आणि जुने चाहते खवळले. मूळ संचांतील नट रिचर्ड हॅच जुनीच कथा पुढें चालविण्यासाठीं वर्षानुवर्षें झटत होते. त्यांनीं प्रथम विरोध केला, आणि पुढें त्याच नव्या मालिकेंत एका बंडखोराची भूमिका उत्तम वठविली.

'डॉक्टर हू' मध्यें डेव्हिस २०२३ साली परत आले. ३१ मे २०२५ च्या भागाच्या अखेरीस नायकानें पुन्हां काया पालटली, आणि प्रकाश ओसरल्यावर दिसला तो चेहरा बिली पायपर यांचा होता. वीस वर्षांपूर्वीं रोझचें काम करणाऱ्या त्याच या नटी.