हंगामअखेरचे बक्षीस आणि बाईचा रोज

जिंतूर-परभणी रस्त्यावरील बोरी गावात खरिपाचे सोयाबीन घरात आले, की आडत दुकानाच्या ओट्यावर एक दृश्य हमखास दिसते. पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेला एखादा तरुण हातातील फोनवर शिकागोचा भाव पाहतो आणि तो मोठ्याने सांगतो. बुशेल म्हणजे किती, सेंट म्हणजे किती, याचा हिशेब ओट्यावरच्या साऱ्यांना येतोच असे नाही. पण शिकागोत भाव उतरला की आपल्याकडे चढण्याची आशा धरू नये, एवढे आता म्हाताऱ्या माणसांनाही ठाऊक झाले आहे. आपण सोयाबीनचे तेल परदेशातून आणतो आणि पेंड परदेशी पाठवतो. त्यामुळे जगाच्या बाजारातील भाव आणि बोरीचा भाव यांची गाठ कधीच पडून गेली आहे. आपल्या देशातील सोयाबीनचे वायदे सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि ती बंदी पुढे वारंवार वाढवली. शिकागोचे वायदे मात्र चालूच राहिले.

ज्या कंपनीच्या छताखाली हे शिकागोचे वायदे होतात, तिचे नाव सीएमई ग्रुप. वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण महिलांच्या व्यावसायिक गोल्फमधील हंगामअखेरची अजिंक्यपद स्पर्धा याच कंपनीच्या नावाने व पैशाने भरते. दर वर्षी नोव्हेंबरात, म्हणजे आपल्याकडे सोयाबीनची मळणी आटोपून तुरीला फुले आलेली असतात त्या सुमारास, अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात नेपल्स या गावी ती होते. २०२४ साली या स्पर्धेतील विजेतीला चाळीस लाख डॉलर्स मिळाले. त्या वेळच्या दराने हे सुमारे चौतीस कोटी रुपये होतात. महिलांच्या गोल्फमध्ये एका स्पर्धेसाठी एवढे बक्षीस त्यापूर्वी कधीच दिले गेले नव्हते.

गोल्फ हा आपला खेळ नव्हे, हे मान्यच केले पाहिजे. टँकरची वाट पाहण्यात ज्यांचे उन्हाळे गेले, त्या मराठवाड्याच्या माणसाला शेकडो एकर हिरवळ खेळासाठी भिजवावयाची ही कल्पनाच मानवत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकतेही नाही. परंतु ७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे, टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर उभी असताना, गोल्फचा एकही नियम ठाऊक नसलेली असंख्य माणसे दूरचित्रवाणीसमोर बसली होती. तिची आई तिची काठ्यांची पिशवी सांभाळत होती. एका फटक्याने अदितीचे कांस्यपदक हुकले आणि ती चौथी आली. कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालणारी जिंकते, एवढा नियम त्या सकाळी पुष्कळांना कळला. पुढील मजकुरासाठी तेवढे ज्ञान पुरेसे आहे.

हंगामअखेरच्या या स्पर्धेची रचना मोठी विलक्षण आहे. वर्षभराच्या स्पर्धांतून खेळाडू गुण मिळवतात आणि पहिल्या साठ जणींनाच नेपल्सचे दार उघडते. पण दारातून आत गेल्यावर ते गुण पुसले जातात! पहिली आलेली आणि साठावी आलेली, दोघींची पाटी सारखीच कोरी. चार दिवस, बहात्तर होल, आणि जी जिंकेल ती चाळीस लाखांची धनीण. २०१९ पासून ही पद्धत आहे. त्यापूर्वी वर्षभराच्या गुणांचे दहा लाखांचे बक्षीस निराळे असे. वर्षभर राबलेल्या खेळाडूवर यात अन्याय होतो, असे काहींना वाटते. मलाही थोडेसे तसेच वाटते. शेवटच्या आठवड्याच्या पावसावर वर्षाचे पीक ठरावे, तसलाच हा प्रकार आहे.

२०२४ च्या अंतिम दिवशी हे फार ठळकपणे दिसले. दोन होल शिल्लक असताना अमेरिकेची एंजल यिन दोन फटक्यांनी पुढे होती. थायलंडच्या आत्थया थितिकुल हिने सतरावा होल, जो पाच फटक्यांत पुरा करावयाचा असतो, तो तीन फटक्यांत पुरा केला आणि बरोबरी साधली; अठराव्यावर आणखी एक फटका वाचवून ती जिंकली. यिनला दहा लाख मिळाले. म्हणजे एका फटक्याची किंमत तीस लाख डॉलर्स झाली. थायलंडच्या रात्चबुरी प्रांतातील ही मुलगी २००३ साली जन्मलेली. युरोपीय महिला मालिकेतील एक स्पर्धा तिने चौदाव्या वर्षीच जिंकली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती पुन्हा जिंकली, या खेपेस चार फटक्यांच्या अंतराने, आणि पुन्हा चाळीस लाख घेऊन गेली.

येथपर्यंत हे सारे कौतुकाचे. माझा प्रश्न मात्र निराळा आहे. ही किंमत ठरवली कोणी?

महिलांच्या खेळात पैसा कमी का, असे विचारले की एक ठरीव उत्तर मिळते : प्रेक्षक कमी, म्हणून जाहिराती कमी, म्हणून बक्षीस कमी; बाजार ज्याची जी किंमत करतो, ती त्याची किंमत. या उत्तराला व्यवहारज्ञानाचा मुलामा असल्यामुळे त्याच्यापुढे माणसे गप्प होतात. १९५० साली अमेरिकेतील तेरा महिलांनी आपली व्यावसायिक संघटना स्थापली, तेव्हा त्यांनाही हेच ऐकावे लागले असणार. त्या आपल्या मोटारी चालवीत गावोगाव जात, मैदानाची आखणी आपणच करीत, नियमांचा निवाडाही आपणच करीत. पहिल्या वर्षी साऱ्या स्पर्धांची मिळून बक्षिसे पन्नास हजार डॉलर्सच्या आसपास होती. महिलांच्या गोल्फमध्ये विजेतीला दहा लाख डॉलर्स प्रथम मिळाले ते २००६ साली, हंगामअखेरच्याच स्पर्धेत. ती मानकरी पॅराग्वेची हुलिएता ग्रानादा.

आता अलीकडचे आकडे पाहा. नेपल्सच्या विजेतीला २०२३ साली वीस लाख मिळाले आणि २०२४ साली चाळीस लाख. या बारा महिन्यांत प्रेक्षक दुप्पट झाले, असा दावा कोणीच केलेला नाही. मैदान तेच, खेळाडूही बव्हंशी त्याच. बदलला तो पैसे देणाऱ्याचा निर्णय. आणि पैसे देणारा कोण? ज्याचा सारा धंदाच ‘भाव बाजारात ठरतो’ या एका सूत्रावर उभा आहे, तो! सोयाबीनचा भाव मागणी-पुरवठ्याच्या हवाली करणाऱ्या कंपनीने स्त्रीच्या खेळाचा भाव स्वतः ठरवला. यात विसंगती आहे खरी. पण मला ती फार बोलकी वाटते. भाव काही आकाशातून पडत नाही. कोणीतरी तो ठरवतो, आणि ठरवले तर एका वर्षात दुप्पटही करतो.

हे बोरीच्या ओट्यावर बसून लिहावेसे वाटले, त्याचे कारण ओट्यासमोरच्या रस्त्यावर आहे. खुरपणीच्या दिवसांत बायांचे घोळके सकाळी याच रस्त्याने शेतांकडे जातात. बाईचा रोज गड्याच्या रोजापेक्षा कमी असतो, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. का, असे विचारले तर शेतमालक म्हणतो, “दर तसाच चालू आहे.” पुन्हा तोच बाजार. शेतमालकालाही मी सरसकट दोष देणार नाही. २०२४ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये असताना ज्याला बाजारात त्याहून पुष्कळ कमी भावाने माल घालावा लागला, त्याने पदरचे घालून रोज वाढवावा, असा उपदेश पगारदार माणसाने करणे शोभणारे नाही. परंतु तोट्याचे वर्ष असो की नफ्याचे, गडी आणि बाई यांच्या रोजातील अंतर तेवढेच राहते. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीनने दहा हजारांचा आकडा पाहिला. त्या वर्षी हे अंतर मिटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. आता तोच आशय वेतन संहितेत आला आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. योगायोग असा, की नेपल्सच्या स्पर्धेचा तो दुसरा दिवस होता. कायदा म्हणतो, समान किंवा समान स्वरूपाच्या कामाला समान वेतन. शेतात या शब्दांना सहज बगल देता येते, कारण कामेच वाटून टाकलेली आहेत : फवारणी गड्याची, खुरपणी बाईची. काम निराळे म्हणून दाम निराळा. दिवसभर ओणवे राहून खुरपणे हे हलके काम, असे कोणी आणि केव्हा ठरवले, हे विचारण्याची सोय नाही. गोल्फमध्येही हेच चालते. महिलांचे मैदान काहीसे आखूड, त्यांची स्पर्धा निराळी, म्हणून बक्षीसही निराळे. २०२५ साली पुरुषांच्या हंगामअखेरच्या स्पर्धेत इंग्लंडचा टॉमी फ्लीटवूड एक कोटी डॉलर्स घेऊन गेला. चाळीस लाखांचे एवढे कौतुक झाले, ते या आकड्याच्या शेजारी ठेवून पाहावे.

शिवाय दात्याच्या मर्जीला एक दुसरी बाजू असते. २०२२ साली या कंपनीच्या मेजवानीला एकही खेळाडू आली नाही, म्हणून कंपनीचे प्रमुख टेरी डफी यांनी संघटनेच्या नेतृत्वावर जाहीर नाराजी व्यक्त केली. ते स्वतः महिलांच्या गोल्फचे मोठे पाठीराखे आहेत आणि त्यांची नाराजी कदाचित रास्तही असेल. पण ज्याच्या इच्छेने बक्षीस वाढते, त्याच्या मेजवानीला जावे लागते.

महाराष्ट्राने या बाबतीत एके काळी निराळी वाट धरली होती. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना गावोगाव पोचली; १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडणे असो की मातीकाम, मजुरी मापावर, आणि माप स्त्री-पुरुषांना एकच. त्या दराला कोणा दात्याची मर्जी लागत नव्हती. त्यासाठी पैसा कोठून आला? नोकरदारांच्या व्यवसाय करातून. आजही शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या पगारपत्रकावर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे अशी ती कपात दिसते. तिचा उगम पुष्कळांना ठाऊक नसतो. त्या कामांवर बायांची गर्दी का होत असे, याची कारणे अनेक सांगितली जातात. गड्याएवढाच दर मिळण्याची ती एक जागा होती, हे त्यांतील मोठे कारण असले पाहिजे.

सोयाबीन निघाले की बोरीच्या शिवारात कापसाच्या वेचणीला वेग येतो. वेचणीची मजुरी किलोवर असते. काट्यावर गाठोडे ठेवले की ते गड्याने वेचले की बाईने, हे कोणी विचारत नाही. वेचायला येतात त्या बहुतेक बायाच. परवा संध्याकाळी ओट्यावर शिकागोचा भाव वाचून झाला, तेव्हा पलीकडच्या दुकानात अशीच गाठोडी मोजली जात होती. काट्याजवळ उभी असलेली एक बाई आकडा नीट दिसावा म्हणून पुढे वाकली आणि मोजणाऱ्याला म्हणाली, “दादा, पुन्हा एकदा ठेव.” त्याने गाठोडे पुन्हा ठेवले.